मृगातला तेजोमेघ आणि पुण्याची वेधशाळा : प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नाव निघाले की धरणे, पूल, कालवे आणि ती बांधणारी माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच विद्यालयाचे विद्यार्थी. १८८३ साली ते तेथून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले, हे आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. परंतु त्यानंतर पाचच वर्षांनी त्याच आवारात एक वेधशाळा उभी राहिली. तिच्यातील दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती, आणि मृग नक्षत्रातील तेजोमेघावर ती रोखून तेथील एका पारशी प्राध्यापकाने इंग्लंडातील एका बड्या शास्त्रज्ञाच्या सिद्धान्ताविरुद्ध साक्ष दिली. ही हकीकत मात्र आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांच्या कानावर गेली असेल. वेधशाळा चोवीस वर्षे चालली आणि मोडली. आज तिच्या जागेवर तिची खूण शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही.

कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा जन्म १८५७ सालचा. मुंबई विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १८७८ साली पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र हे विषय घेऊन ते एम.ए. झाले आणि पुढे त्याच कॉलेजात प्रायोगिक पदार्थविज्ञान शिकवू लागले. त्या काळचे विज्ञानाचे अध्यापन म्हणजे बहुतांशी फळा, खडू आणि विलायतेतून आलेली क्रमिक पुस्तके. प्रयोगशाळेची सोय असलीच तर नावापुरती. या तरुण अध्यापकाच्या मनात मात्र एक प्रयोगशाळा होती, आणि तीही साधीसुधी नव्हे, प्रकाशाचे पृथक्करण करणारी.

संधी चालून आली ती भावनगरच्या दरबाराकडून. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी नायगमवाला यांच्याहून एखाद्या वर्षाने लहान. शिक्षणासाठी हात सैल असणारा हा राजा होता. भावनगरचे सामळदास कॉलेज त्यांनीच १८८५ साली काढले, आणि पुढे मोहनदास गांधी नावाचा एक विद्यार्थी तेथे काही महिने काढून गेला. १८८२ साली महाराजांनी एल्फिन्स्टन कॉलेजला वर्णपटशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढ्याच रकमेची भर घातली. दहा हजार रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती, पण विलायती उपकरणांच्या किमती पाहता फार मोठीही नव्हती.

१८८४ साली उपकरणे निवडण्यासाठी नायगमवाला इंग्लंडला गेले. गेले होते प्रयोगशाळेचे सामान आणायला. परतले ते वेधशाळेचा बेत घेऊन. तेथील जाणत्या ज्योतिर्विदांनी त्यांना असे पटवले की पैसा लावायचाच तर वर्णपटदर्शक टेबलावर ठेवण्यापेक्षा दुर्बिणीला जोडावा. हिंदुस्थानचे आकाश स्वच्छ, येथून दक्षिणेकडचे तारेही दिसतात आणि असे काम करणारी वेधशाळा येथे एकही नाही, अशी ती विचारसरणी होती. मुंबईत समुद्राची दमट हवा आणि जागेची टंचाई. म्हणून स्थळ ठरले पुणे. नायगमवाला यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली आणि १८८८ साली 'महाराज तख्तसिंहजी वेधशाळा' कामाला सिद्ध झाली.

येथे थोडे थांबून त्या काळी खगोलशास्त्रात काय चालले होते ते पाहिले पाहिजे. त्यावाचून पुण्याच्या या कामाचे मोल कळणार नाही.

हिवाळ्यात रात्री जेवणे आटोपून अंगणात यावे, तर पूर्वेला मृग नक्षत्र चांगले वर आलेले असते. चार कोपऱ्यांवर चार ठळक तारे, मध्ये तिरप्या ओळीत तीन तारे. आमच्या बोरगावकडे, सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात, रात्री संत्र्याच्या बागेला पाणी द्यायला जाणारी जुनी माणसे या तीन ताऱ्यांना तिकांडे म्हणत आणि त्यावरून रात्र किती उरली ते सांगत. त्या बाणाच्या खाली फिकट ताऱ्यांची एक लहानशी ओळ लोंबल्यासारखी दिसते. तिच्या मधल्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले तर तो इतरांसारखा टोकदार नाही, जरा पुसट आहे, हे तीक्ष्ण नजरेच्या माणसाला कळते. औद्योगिक वसाहतीचे दिवे लागल्यापासून बोरगावात ते पूर्वीइतके सहज दिसत नाही, तो भाग वेगळा. हाच तो मृगातला तेजोमेघ. पृथ्वीपासून तो सुमारे १३४० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे नायगमवाला यांच्या दुर्बिणीत १८९१ साली जो प्रकाश शिरला तो तेथून निघाला तेव्हा बदामीचा किल्ला बांधणारा पहिला पुलकेशी गादीवर असावा. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांच्या वाचकांना काळाचे हे माप एकदम समजेल.

हा मेघ म्हणजे नेमके काय, हा एकोणिसाव्या शतकातील मोठा वादाचा प्रश्न होता. अधिक मोठी दुर्बीण लावली की आकाशातील काही धूसर ठिपके फुटून त्यांत ताऱ्यांची दाटी दिसे. म्हणून काहींचे म्हणणे असे की सगळेच तेजोमेघ शेवटी तारकापुंज निघतील. पुरेशी मोठी दुर्बीण मिळायचीच काय ती खोटी. १८६४ साली लंडनजवळ टल्स हिल येथे, राहत्या घराला जोडून बांधलेल्या वेधशाळेतून, विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. ताऱ्यांच्या प्रकाशाचा वर्णपट म्हणजे रंगांचा सलग पट्टा आणि त्यात काळ्या रेषा. येथे पट्टा दिसलाच नाही. अंधारात मोजक्या तेजस्वी रेषा तेवढ्या उभ्या होत्या. अशा रेषा देतो तो तापलेला विरळ वायू. मृगातला मेघही तसाच निघाला. एका दृष्टिक्षेपात जुना वाद निम्मा मिटला आणि नवा सुरू झाला. त्या रेषांपैकी सर्वांत ठळक, हिरवट रंगाची जी रेषा, ती कोणत्या मूलद्रव्याची हे कोणालाच सांगता येईना.

दुसरीकडे छायाचित्रकार मंडळी या मेघाच्या मागे लागली होती, आणि ती जवळजवळ सगळी हौशी होती. न्यूयॉर्कचे डॉ. हेन्री ड्रेपर हे पेशाने वैद्यकाचे प्राध्यापक. हडसन नदीकाठी हेस्टिंग्ज येथे घरच्या जमिनीवर त्यांनी आपली वेधशाळा बांधली होती. तेथून ३० सप्टेंबर १८८० रोजी, अकरा इंची दुर्बिणीला काच लावून, ५१ मिनिटे प्रकाश घेऊन त्यांनी या मेघाचे पहिले छायाचित्र काढले. पूर्वीच्या ओल्या काचांवर हे शक्यच नव्हते. त्यांवरचे द्रावण थोड्याच वेळात सुकून काच निकामी होई. कोरड्या काचा बाजारात आल्या आणि तासन्‌तास प्रकाश साठवण्याची सोय झाली. मात्र तेवढा वेळ दुर्बीण आकाशाबरोबर अचूक फिरत राहिली पाहिजे, नाहीतर ताऱ्याचा ठिपका न उमटता रेघ उमटते. वजनावर चालणारे घड्याळी यंत्र दुर्बीण फिरवी आणि माणूस एक डोळा भिंगाला लावून थंडीत कुडकुडत तिला सारखी ताळ्यावर ठेवी. ड्रेपर १८८२ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी वारले.

त्यांच्यानंतर हे काम पुढे नेले ते अँड्र्यू एन्सली कॉमन यांनी. धंद्याने सांडपाण्याच्या व्यवस्थेचे इंजिनियर. लंडनजवळ ईलिंग येथे घराच्या बागेत त्यांनी छत्तीस इंची आरशाची दुर्बीण बसवली होती. ३० जानेवारी १८८३ च्या रात्री त्यांनी ३७ मिनिटांत मृगाच्या मेघाचे जे छायाचित्र घेतले, त्यात डोळ्यांना दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले. छायाचित्राची काच डोळ्यापेक्षा जास्त पाहू शकते, हे त्या रात्री सिद्ध झाले, आणि पुढल्या वर्षी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. १८८८ साली, म्हणजे पुण्याची वेधशाळा सुरू झाली त्याच वर्षी, लिव्हरपूलजवळ आयझॅक रॉबर्ट्स नावाच्या एका बांधकाम कंत्राटदाराने वीस इंची दुर्बिणीने देवयानीतील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले आणि त्या मेघाचा पीळदार आकार प्रथमच जगापुढे आला. वैद्य, इंजिनियर, कंत्राटदार अशी ही यादी वाचताना आजच्या पदवीप्रमाणपत्रांच्या युगात गंमत वाटते.

ही नावे येथे सांगण्याचे कारण असे की पुण्याची दुर्बीण याच गोतावळ्यातली होती. तिचे यंत्रकाम डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातले. हौशी ज्योतिर्विदांसाठी आरसे घासून देणाऱ्यांत कॉमन यांचा हात त्या काळी नामांकित मानला जाई. पुण्याच्या दुर्बिणीचा वीस इंची आरसा त्यांचाच. म्हणून ती ग्रब-कॉमन दुर्बीण म्हणून ओळखली जाते. रॉबर्ट्स यांच्या दुर्बिणीच्या आरशाचा व्यासही एवढाच होता. मृगाच्या मेघाचे ते गाजलेले छायाचित्र घेणाऱ्याच्या हातचा आरसा मुळा-मुठेच्या काठी आला, ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते.

आता पुन्हा त्या हिरव्या रेषेकडे वळू. नॉर्मन लॉकियर हे त्या काळचे इंग्लंडातील मोठे प्रस्थ. 'नेचर' हे साप्ताहिक त्यांनी १८६९ साली काढले आणि अनेक वर्षे संपादले. सूर्याच्या वर्णपटातील एका पिवळ्या रेषेवरून त्यांनी हेलियम या मूलद्रव्याचे अस्तित्व तर्काने सांगितले होते. (विजयदुर्गच्या किल्ल्यावर लॉकियर यांनी १८६८ साली हेलियम शोधला असे आपल्याकडे पुष्कळदा लिहिले जाते. त्या वर्षी ते इंग्लंडातच होते. विजयदुर्गावर ते आले १८९८ साली, दुसऱ्या एका ग्रहणासाठी. किल्ल्यावर साहेबाचे ओटे म्हणून दाखवतात ते त्या वेळचे.) या लॉकियर यांचा एक आवडता सिद्धान्त होता. तो असा की विश्वातील सर्व ज्योती मूळच्या उल्कांच्या थव्यांतून निर्माण होतात. उल्का एकमेकींवर आदळतात, तापतात, त्यांची वाफ होते आणि आपल्याला तेजोमेघ दिसतो. उल्कांत मॅग्नेशियम असते. मॅग्नेशियम जळताना त्याच्या वर्णपटात हिरव्या भागात एक पट्टा दिसतो. हा पट्टा एका कडेला ठळक असतो आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू विरत जातो. तेजोमेघातील ती अनामिक हिरवी रेषा म्हणजे याच पट्ट्याची उरलेली ठळक कड होय, असे लॉकियर यांनी प्रतिपादन केले. १८९० साली त्यांनी हा सिद्धान्त पुस्तकरूपानेही मांडला.

वाद कोणत्या मुद्द्यावर येऊन ठेपला ते पाहा. रेषा जर मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड असेल, तर प्रकाश अधिकाधिक फाकवल्यावर तिची एक बाजू धारदार आणि दुसरी अस्पष्ट, पिसाऱ्यासारखी दिसली पाहिजे. ती दोन्ही बाजूंनी सारखीच धारदार राहिली, तर ती मॅग्नेशियमची नव्हे आणि उल्कांच्या सिद्धान्ताचा एक मोठा आधार गेला. हगिन्स आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी लॉकियर यांना विरोध केला. अमेरिकेत लिक वेधशाळेत कीलर यांनी रेषेचे स्थान अतिशय काटेकोरपणे मोजले. आणि १८९१ साली पुण्याहून नायगमवाला यांचा वेध आला.

वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात तेजोमेघाचा प्रकाश आधीच क्षीण. तो वर्णपटदर्शकाच्या बारीक फटीतून न्यायचा, मग लोलकांतून फाकवायचा. जितका अधिक फाकवावा तितका तो आणखी मंद होतो. शेवटी काळोखात एक अगदी अंधुक हिरवट रेघ उरते आणि तिच्या दोन्ही कडा सारख्या आहेत की नाहीत हे डोळ्याने ठरवायचे असते. रात्रीमागून रात्र तेच पाहावे लागते. मनात आधीपासून एखादे उत्तर धरून बसलेल्या माणसाला नेमके तेच दिसण्याची भीती असते. नायगमवाला यांनी मोठ्या विस्ताराच्या वर्णपटातही रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ आणि धारदार पाहिली. पट्ट्याचा, पिसाऱ्याचा मागमूस नव्हता. त्यांनी तसे लिहिले आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात ते छापून आले.

हे लिहिणारा माणूस चौतीस वर्षांचा, पारतंत्र्यातील देशातला, सरकारी कॉलेजातील नोकर. ज्यांच्या मताविरुद्ध तो लिहीत होता त्यांचा शब्द लंडनच्या विज्ञानवर्तुळात वजनाचा होता आणि हिंदुस्थानातील सूर्यवेधांच्या बाबतीत सरकार ज्यांचा सल्ला घेई त्यांत ते अग्रभागी होते. पुढे १८९८ च्या ग्रहणाला तर तेच एका पथकाचे प्रमुख म्हणून येथे आले. वेधशाळेला पुढे काय मिळावे, काय मिळू नये, हे अशाच माणसांच्या मतांवर ठरायचे. नायगमवाला यांना याची कल्पना नसेल असे समजणे त्यांच्या बुद्धीचा अपमान ठरेल. तरीही जे दिसले ते त्यांनी लिहिले. पुढच्या काळाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ती रेषा मॅग्नेशियमची नाही हे मान्य झाले. बरीच वर्षे ती 'नेब्युलियम' नावाच्या एका कल्पित मूलद्रव्याच्या नावावर मोडत होती. हेलियमही आधी आकाशात दिसला आणि १८९५ साली पृथ्वीवर सापडला, तसाच हाही एक दिवस सापडेल अशी आशा होती. १९२७ साली अमेरिकन शास्त्रज्ञ बोवेन यांनी कोडे सोडवले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा होती. पृथ्वीवरील प्रयोगशाळेत हवेची जी घनता असते तीत ती उमटूच शकत नाही. तेजोमेघाच्या विलक्षण विरळ वायूतच उमटते. आपण श्वासाबरोबर घेतो तोच हा वायू, आणि त्याच्यासाठी त्रेसष्ट वर्षे जग निराळे मूलद्रव्य शोधत होते.

त्याच सुमारास पुण्यात आणखी एक विद्वान मृग नक्षत्रावर बारीक नजर ठेवून होते. लोकमान्य टिळकांचा 'ओरायन' हा ग्रंथ १८९३ सालचा. वसंतसंपात मृगशीर्षात होता त्या काळावरून वेदांचे वय काढण्याचा त्यातील प्रयत्न प्रसिद्धच आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा अजोड मराठी ग्रंथही त्याच दशकातला, आणि दीक्षितांची अखेरची वर्षे पुण्यातच गेली. एका गावात, चार-पाच वर्षांच्या अंतरात, एकाच आकाशाकडे किती निरनिराळ्या वाटांनी माणसे पाहत होती! मात्र टिळकांचे आणि दीक्षितांचे नाव घरोघरी पोहोचले, नायगमवाला यांचे कॉलेजच्या कुंपणाबाहेर फारसे गेले नाही. इंग्रजीत, परदेशी मासिकांत लिहिलेले काम मराठी वाचकापर्यंत आणून देणारा कोणी निघाला नाही, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

पुढचा भाग ग्रहणांचा. १८९६ च्या ऑगस्टमध्ये नायगमवाला खग्रास सूर्यग्रहणासाठी नॉर्वेच्या उत्तर टोकाला, वाडसो येथे गेले. पुण्याहून तेथवरचा प्रवास केवढा! ग्रहणाच्या वेळी आकाशात ढग आले. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ग्रहण पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी हे एकदा तरी येते.

दीड वर्षाने मात्र ग्रहणच दारात आले. २२ जानेवारी १८९८ रोजी चंद्राची सावली कोकणात विजयदुर्गाजवळ जमिनीवर चढली आणि सोलापूर जिल्हा, वऱ्हाड, वर्धा, नागपूर असे ओलांडत ईशान्येकडे शहडोल, बक्सरकडे गेली. हा पट्टा आमच्या सौंसर-बोरगावच्या दक्षिणेला अगदी हाकेच्या अंतरावरून गेला म्हणायला हरकत नाही. जगातील नामांकित ज्योतिर्विद त्या हिवाळ्यात आपल्या रेल्वे स्टेशनांवर उतरले. लॉकियर विजयदुर्गाला. पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स. धामणगाव आणि पुलगाव यांच्या मधल्या तळणी या लहानशा ठिकाणी माँडर पती-पत्नी व जॉन एव्हरशेड. ॲनी माँडर यांनी तळणीला एका लहानशा, दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा जो लांब झोत टिपला, तो मोठमोठ्या यंत्रांना मिळाला नव्हता. कापसाच्या गाड्या जेथून रोज जात तेथे हे घडले, याची नोंद वऱ्हाड-वर्ध्याच्या शाळांच्या भिंतींवर असायला हवी होती.

नायगमवाला यांनी आपला तळ सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे दिला. तेथेच लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आपल्या पत्नीसह चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारून बसले होते, आणि जपानचेही एक पथक होते. आदल्या वर्षी पुण्याने प्लेगचा कहर पाहिलेला, रँडचा खून झालेला, शहर धास्तावलेले. अशा दिवसांत पेट्या भरभरून यंत्रे माळावर न्यायची, पाये बांधायचे, रोज तालमी घ्यायच्या आणि हे सगळे कशासाठी, तर जेमतेम दोन मिनिटांसाठी. या वेळी आकाश निरभ्र राहिले. सूर्य पूर्ण झाकला जाण्याच्या आणि पुन्हा उघडण्याच्या क्षणी त्याच्या कडेवरील वायूंच्या तेजस्वी रेषा क्षणभर लखलखतात. त्या वर्णपटाची आणि प्रभामंडलाची छायाचित्रे नायगमवाला यांनी घेतली. त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ साली मुंबईत छापून वेधशाळेच्या प्रकाशनांचा पहिला खंड म्हणून बाहेर पडला.

पहिला खंड म्हटला की दुसऱ्याची अपेक्षा असते. येथे विचार करण्याजोगी गोष्ट येते. महाराज तख्तसिंहजी १८९६ सालीच निवर्तले होते. वेधशाळेला नियमित सहायक, शिष्य, वारस असा कोणी नव्हता. इंजिनियर होण्यासाठी आलेल्या मुलांना रात्री दुर्बिणीपाशी जागून परीक्षेत गुण मिळणार नव्हते आणि पुढे नोकरीही नव्हती. देशात खगोलभौतिकीची दुसरी जागा होती ती कोडाईकनालची, १८९९ साली स्थापलेली सरकारी सौर वेधशाळा, आणि तेथील वरच्या जागा विलायतेतून भरल्या जात. नायगमवाला यांनी स्वतः शिष्य तयार करण्यासाठी किती खटपट केली हा प्रश्न विचारणे काहींना अनुचित वाटेल. पण तो विचारलाच पाहिजे. एका माणसाच्या चिकाटीवर उभी राहिलेली संस्था त्या माणसाच्या निवृत्तीच्या तारखेला बांधलेली असते, मग ती वेधशाळा असो की एखाद्या कॉलेजातील नाट्यमंडळ. तरी दोष एकट्या त्यांच्या पदरी टाकता येत नाही. ज्या राजवटीला वेधशाळेकडून पावसाचा अंदाज आणि घड्याळाची वेळ एवढेच हवे होते, तिला तेजोमेघाच्या हिरव्या रेषेचे काय पडले असणार?

१९११ साली कॉलेज ऑफ सायन्सचे नाव बदलून ते कॉलेज ऑफ इंजिनियरिंग झाले. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद करण्यात आली. उपकरणे उतरवून, पेट्यांत भरून कोडाईकनालला रवाना झाली. तेथे त्या वेळी संचालक होते एव्हरशेड. चौदा वर्षांपूर्वी वऱ्हाडात तळणीच्या माळावर ग्रहण टिपणारे तेच हे गृहस्थ. त्यांचे लक्ष सर्वस्वी सूर्याकडे. रात्रीच्या आकाशासाठी बनवलेल्या पुण्याच्या दुर्बिणीला तेथे बराच काळ फारसे काम मिळाले नाही. निवृत्तीनंतर नायगमवाला सव्वीस वर्षे जगले. १९२७ साली हिरव्या रेषेचे कोडे उलगडले तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९३८ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या दुर्बिणीचे आयुष्य मात्र संपले नव्हते. स्वतंत्र भारतात ज्योतिर्विदांना नव्या मोठ्या दुर्बिणीसाठी उंचावरची, कोरड्या हवेची जागा शोधायची होती. त्या पाहणीसाठी, विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात, 'भावनगर दुर्बीण' या नावाने ओळखले जाणारे हे जुने यंत्र लडाखमध्ये लेहला नेण्यात आले. लडाखमध्येच, लेहपासून दूर हानले येथे, पुढे दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी राहिली. आज मृगातल्या त्याच मेघाचे छायाचित्र कॉलेजातला एखादा विद्यार्थी घराच्या गच्चीवरून, पाच-सहा इंची दुर्बिणीला डिजिटल कॅमेरा जोडून, अर्ध्या मिनिटात काढतो. त्या छायाचित्रात मेघाच्या गाभ्याशी जी हिरवट झाक दिसते, तिच्यात ती रेषा आहे.